बावन्न हजार तीनशे दहा

गेले दोन-तीन वीकेंड काही लिहिलं नाही, त्याला कारण गाडी. म्हणजे गाडी घेऊन कुठे फिरायला गेलो होतो असं नाही, गाडीची कागदपत्रं गोळा करत बसलो होतो. आज सगळं एकदाच लिहून काढतो, म्हणजे ऑफिसमध्ये प्रत्येकाला चहाच्या वेळी पहिल्यापासून सांगायला नको.

तर झालं असं. २०२४ च्या दसऱ्याला, १२ ऑक्टोबरला, आमच्या घरात पहिली चारचाकी आली. सेकंडहँड. २०१७ चं मॉडेल, डिझेल, पांढरी, एमएच-१५ म्हणजे नाशिक पासिंग. नवी मुंबईतल्याच एका डीलरकडून ४ लाख ८५ हजारांना घेतली. मीटरवर ५२,३१० किलोमीटर. आईने हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं, आणि तिसऱ्याच दिवशी, १४ तारखेच्या मध्यरात्रीपासून, मुंबईच्या वेशीवरच्या पाचही नाक्यांवर लहान गाड्यांचा टोल माफ झाला. वाशीचा टोल आयुष्यात कधी जाईल असं वाटलं नव्हतं, तो गेला. आई म्हणाली, गाडीचा पायगुण चांगला आहे!

आता मागे वळून पाहिलं की हसू येतं ते त्या ५२,३१० वर मी किती भाळलो होतो याचं. सात वर्षांत बावन्न हजार, म्हणजे वर्षाला जेमतेम साडेसात हजार. डीलर म्हणाला, "सर, नाशिकचे एक रिटायर्ड साहेब होते, रविवारीच काढायचे." झालं. बाकीची गोष्ट मी स्वतःच रचली. साहेब, त्यांच्या पत्नी, गंगापूर रोडचा बंगला, पोर्चमध्ये कापडाने झाकलेली गाडी. नाशिकची, म्हणजे खारी हवा नाही, पत्रा गंजणार नाही. मी इंजिनिअर आहे, रोज लोकांच्या डेटावर शंका घेण्याचा पगार घेतो, आणि स्वतःचे पावणेपाच-पाच लाख घालताना एका सहा आकडी डिस्प्लेवर विश्वास ठेवला.

मार्च २०२५ मध्ये क्लच जड व्हायला लागला म्हणून कंपनीच्या वर्कशॉपमध्ये नेली. तिथल्या मुलाने नंबर टाकला, स्क्रीनकडे पाहिलं, मग गाडीत वाकून मीटर पाहिलं, मग परत स्क्रीन. "साहेब, मीटर बदललंय का कधी?" मीटर ५६,४१० दाखवत होतं. स्क्रीनवर शेवटची नोंद होती जून २०२२ ची, नाशिकची. १,२१,८७०.

पोटात गोळा येणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

पैसे गेले हे दुःख आहेच, पण ते दुसऱ्या नंबरचं. त्या मुलाने जुन्या नोंदी खाली-वर केल्या आणि म्हणाला, टायमिंग बेल्ट बदलल्याचं कुठे दिसत नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हा बेल्ट ठराविक किलोमीटरनंतर बदलायचा असतो. तो चालत्या गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि इंजिन जागच्या जागी बंद पडतं. (सगळ्या गाड्यांना बेल्ट नसतो, काहींना चेन असते. माझ्या गाडीला बेल्ट आहे.) मीटर ५२ हजार म्हणतंय म्हटल्यावर मी तो बदलायचा विचार आणखी तीन-चार वर्षं केला नसता. आणि दिवाळीत, जानेवारीत, शिमग्याला मी आई-बाबांना मागे बसवून याच गाडीने खंडाळ्याचा घाट चढलो-उतरलो होतो. म्हणजे मीटरचा आकडा ही नुसती भावाची घासाघीस नाही. गाडीच्या अर्ध्या दुरुस्त्यांचं वेळापत्रक त्या आकड्यावर चालतं. तो खोटा केला की सगळं वेळापत्रकच खोटं होतं, आणि हे फक्त त्यालाच माहीत असतं ज्याने तो खोटा केला.

एका मित्राकडे ओबीडीला लावायचा तो स्वस्तातला ब्लूटूथ डोंगल होता. सीवूड्सला त्याच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये रात्री अकरा वाजता लावून पाहिला. त्यात एक आकडा मिळतो: एरर कोड शेवटचे पुसल्यापासून गाडी किती चालली. तो आला ६१,२०४. म्हणजे बघा, जन्मापासून गाडी चालली ५६,४१०, आणि मध्ये कधीतरी कोड पुसले तेव्हापासून चालली ६१,२०४. बापापेक्षा मुलगा मोठा! (हा आकडा दोन बाइटमध्ये साठवतात, म्हणजे जास्तीत जास्त ६५,५३५. आणखी चार-पाच हजार किलोमीटरनंतर हा पुरावाही माझ्या हातून गेला असता.) मग मी हिशेब केला. कोड जून २०२२ च्या त्या सर्व्हिसला पुसले असं धरलं तर एकूण रनिंग १,८३,०७४ होतं. २०१७ ते २०२२ या पाच वर्षांत वर्षाला साधारण २४ हजार, आणि माझे ४,१०० वजा करून जून २२ ते ऑक्टोबर २४ मध्येही वर्षाला साधारण २४ हजारच. अंदाजच आहे, पण दोन्हीकडून एकच गती निघते. रविवारी गाडी काढणारे रिटायर्ड साहेब गेले, त्या जागी रोज नाशिक-पुणे करणारा कुणीतरी फिरतीवरचा माणूस डोळ्यांसमोर आला. त्याच्यावर माझा काही राग नाही. त्याने गाडी चालवली, गाडी त्याच्यासाठीच असते.

हे करतात कसं, हे वाचून तर मला आणखी राग आला, कारण ते फार सोपं आहे. जुन्या गाड्यांमध्ये गिअरबॉक्समधून एक केबल यायची आणि आकड्यांची चाकं फिरायची. ती मागे फिरवायला निदान मीटर खोलावं लागायचं, आकडे थोडे वाकडे बसायचे, जाणकाराला कळायचं. आता डॅशबोर्डच्या मीटरमध्ये एक आठ पायांची मेमरी चिप असते, तिच्यात हा आकडा. अशा चिपमध्ये एकाच जागी पुन्हा पुन्हा लिहायला मर्यादा असते, म्हणून गाड्यांच्या कंपन्या जागा बदलत बदलत लिहितात. म्हणजे चिप झिजू नये याचा विचार करणारा इंजिनिअर होता, आणि बाहेरच्या कुणी येऊन तिथे हवं ते लिहू नये याचा विचार करणारा बहुतेक त्या दिवशी रजेवर होता. लॅपटॉप लावायचा, आकडा वाचायचा, नवा लिहायचा. या धंद्याचं नावही काय गोड आहे, "मीटर करेक्शन". बरं, मीटर खरंच जळालं आणि नवं बसवलं तर जुना आकडा त्यात टाकायला हीच साधनं लागतात, त्यामुळे साधनांवर बंदी घाला म्हणणंही सोपं नाही. हाच आकडा काही गाड्यांमध्ये एबीएसच्या किंवा इंजिनच्या कॉम्प्युटरमध्येही राहतो आणि आळशी माणूस तो बदलायचा विसरतो. पण आळशीपणावर किती दिवस भरवसा ठेवायचा?

डीलरकडे गेलो तेव्हा जे व्हायचं तेच झालं. आधी पाणी विचारलं, मग कानावर हात. "सर, आम्हाला पण अशीच आली. तुम्ही टेस्ट ड्राइव्ह घेतली ना? जशी आहे तशी म्हणून सही केलीय तुम्ही." सही केली होती, खरं आहे. पण त्याच डिलिव्हरी नोटवर त्यांच्याच माणसाच्या हाताने "रनिंग ५२,३१०" लिहिलेलं होतं आणि त्यावर शिक्का होता. हा कागद मी फाइलमध्ये का ठेवला होता देव जाणे. तुम्ही जुनी गाडी घेणार असाल तर बाकी काही नाही तरी हे एक करा: किलोमीटर त्यांच्या कागदावर, त्यांच्या शिक्क्यासकट लिहून घ्या, आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. लिहून द्यायला जो काचकूच करेल त्याच्याकडून उठून या. आणि पैसे द्यायच्या आधी, नंतर नाही, कंपनीच्या वर्कशॉपमध्ये नंबर टाकून नोंदी बघा. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, कितव्या आठवड्यात आणि कुठल्या वर्षी बनला ते. जेमतेम चाळीस-पन्नास हजार चाललेल्या गाडीला दुसऱ्यांदा बदललेले टायर असतील तर कारण विचारा. ब्रेकच्या पेडलचं रबर, स्टिअरिंगची चामडी, ड्रायव्हरच्या सीटची उजवी कड, या गोष्टी सॉफ्टवेअरने नव्या होत नाहीत. माझ्या गाडीचं पेडल नवं कोरं होतं. मी त्याचा अर्थ "गाडी कमी चाललीय" असा लावला. ते बदललं होतं हो!

आता सल्ले. आमच्या ऑफिसमध्ये, नात्यात, सोसायटीत, मला दहा जणांनी सल्ला दिला असेल, आणि त्यातल्या आठ जणांचा सल्ला शब्दशः एकच होता: "गप्प बस आणि पुढे विकून टाक. कोण विचारतंय?" मामाने तर गिऱ्हाईकही आणलं. पनवेलचा एक मुलगा, पहिलीच गाडी घेत होता, लग्न ठरलं होतं. मीटर ५६ हजार, पेडल नवं. मला तोटा शून्य. खोटं सांगतो असं वाटू नये म्हणून कबूल करतो, एक अख्खी रात्र मी त्यावर विचार केला. मी तर मीटरला हातही लावलेला नाही, विचारलं तर "मीटरवर दिसतंय ते" एवढंच म्हणायचं, आणि ते खरंच असतं. डीलरही हेच म्हणाला होता ना, "आम्हाला पण अशीच आली." कदाचित त्यालाही खरंच अशीच आली असेल! या साखळीत प्रत्येकाकडे हे वाक्य तयार असतं. सकाळी मामाला नको म्हणून सांगितलं. तो अजून थोडा रागावलेला आहे.

मी काही फार सज्जन आहे असं नाही. आमच्या क्षेत्रात प्रोजेक्टचा आठवड्याचा रिपोर्ट असतो, लाल-पिवळा-हिरवा. आत सगळं जळत असलं तरी क्लायंटला जाणारा रिपोर्ट हिरवा. त्याला आम्ही हसून कलिंगड म्हणतो, वरून हिरवं आतून लाल. मीही कलिंगडं पाठवली आहेत. या गाडीपासून मात्र तो रंग भरताना हात जरा अडखळतो. असो.

कायद्याचं सांगतो, कारण यात मी बराच वेळ घालवला. मोटार वाहन कायदा १९८८ चा, पण मीटर मागे घेणं हा वेगळा गुन्हा म्हणून त्यात नाही. मालकी बदलताना भरायचे फॉर्म २९ आणि ३०, त्यात गाडीचा नंबर, चासी नंबर, इंजिन नंबर, सगळं विचारतात, किलोमीटरचा रकानाच नाही. माझ्याकडे आलेल्या जुन्या पीयूसींवरही आकडा नव्हता. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने जुन्या गाड्यांच्या डीलरसाठी नियम काढले, १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. डीलरने आरटीओकडून अधिकृत व्हायचं, गाडी त्याच्या ताब्यात आली की ऑनलाइन कळवायचं, वगैरे. नियम चांगले आहेत. त्यात एक गंमत आहे: डीलरने त्याच्या ताब्यातली गाडी कुठे नेली, कुणी चालवली, किती किलोमीटर, याची इलेक्ट्रॉनिक नोंदवही ठेवायची. म्हणजे डीलरने गाडी टेस्ट ड्राइव्हला पाच किलोमीटर फिरवली तर त्याची नोंद आहे, आणि आधीच्या लाख-दीड लाखाची कुठेच नाही.

उरतो फसवणुकीचा नेहमीचा कायदा. पूर्वीचं ४२० आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. पोलीस ठाण्यात "हे सिव्हिल मॅटर आहे, ग्राहक कोर्टात जा" असं ऐकायला मिळालं. ते पूर्ण बरोबर नाही, पण ग्राहक आयोगाचा रस्ता खरंच बरा आहे. २०१९ च्या कायद्यात आपण जिथे राहतो तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते, दोन वर्षांची मुदत असते, वकील सक्तीचा नाही, आणि व्यवहार पाच लाखांच्या आत असेल तर फी शून्य. माझा ४ लाख ८५ हजारांचा. घासाघीस करताना १५ हजार कमी करून घेतले होते, म्हणजे मूळ भावातही फी नव्हतीच :-) तक्रार घरबसल्या ऑनलाइन होते. आधी सल्ला हवा असेल तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. मात्र हे सगळं धंदा करणाऱ्या विक्रेत्याविरुद्ध. तुम्ही ओळखीतल्या माणसाकडून, त्याची स्वतःची गाडी घेतली असेल तर दिवाणी कोर्ट आणि पोलीस एवढंच.

बाहेर हे होत नाही असं समजू नका. १९८७ मध्ये अमेरिकेत खुद्द क्रायस्लर कंपनीवर खटला झाला. कंपनीचे अधिकारी नव्या गाड्या मीटर काढून वापरायचे आणि मग त्याच गाड्या नव्या म्हणून विकल्या जायच्या, साठ हजारांहून जास्त. कंपनीचे प्रमुख ली आयकोका यांना पत्रकार परिषद घेऊन माफी मागावी लागली. तिथे १९७२ पासून मीटर मागे घेणं केंद्रीय कायद्याने बेकायदेशीर आहे, तरी त्यांच्याच सरकारी संस्थेचा अंदाज आहे की वर्षाला साडेचार लाख गाड्या खोट्या आकड्यांवर विकल्या जातात. युरोपात देशातल्या देशात होणाऱ्या जुन्या गाड्यांच्या विक्रीत ५ ते १२ टक्के आणि सीमेपलीकडून आलेल्या गाड्यांत ३० ते ५० टक्के असा अंदाज आहे. म्हणजे नुसत्या शिक्षेने भागत नाही. बेल्जियमने २००६ पासून वेगळा मार्ग धरला, तो मला पटतो. गॅरेजवाल्याने गाडी हातात आली की किलोमीटर एका मध्यवर्ती नोंदीत टाकायचे, आणि गाडी विकताना तो इतिहास छापून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. 'कार-पास' म्हणतात त्याला. इंग्लंडमध्ये तर गाडीच्या वार्षिक तपासणीत मीटरचा आकडा लिहितात आणि तो नंबरप्लेट टाकून कुणालाही फुकट बघता येतो.

आपल्याकडे हे करायला नवीन काहीच उभारायला नको, याचाच मला जास्त त्रास होतो. वाहनची सिस्टीम आहे. इन्शुरन्स त्यात, पीयूसी त्यात. पीयूसीवाला नळी घालायच्या आधी नंबरप्लेटचा फोटो काढतोच, दुसरा फोटो मीटरचा काढायचा. एक कॉलम वाढवायचा. नवा आकडा जुन्यापेक्षा लहान आला तर लाल खूण. पहिल्या वर्षाचा ट्रेनीसुद्धा हा कोड दुपारच्या जेवणाआधी लिहील. मित्र म्हणतो, पीयूसी गाडी न नेताही मिळतं, तिथे खरा आकडा कोण लिहिणार? बरोबर आहे. पण खोटं लिहिणाऱ्याला आता दरवर्षी, आधीपासून, पुढे गाडी कोण घेणार हे माहीत नसताना खोटं लिहावं लागेल. आज त्याला फक्त विकायच्या आदल्या दिवशी दहा मिनिटं लागतात. आणि नव्या "चालवाल तेवढाच हप्ता" विम्यात, ज्याला २०२२ मध्ये आयआरडीएआयने परवानगी दिली, विमा कंपन्या मीटरच्या आकड्यावरच हप्ता ठरवतात. स्वतःच्या पैशांचा प्रश्न आला की आकडा कसा नोंदवायचा हे बरोबर सुचतं.

एप्रिलमध्ये डीलरला रजिस्टर्ड एडीने नोटीस पाठवली. तेव्हा कुठे फोन आला. आधी २५ हजार, मग ६० हजार, शेवटी "गाडी परत द्या, चार लाख घ्या, विषय मिटवा." टायमिंग बेल्ट आणि क्लचचे पैसे धरले तरी आम्ही हे घेणार होतो. बाबा तर लगेच तयार होते. रिटायर्ड माणसाच्या एफडीतले पैसे होते त्यात, त्यांना कोर्टकचेरी नको होती. मी फक्त एक अट घातली: समझोत्याच्या कागदावर वर्कशॉपच्या नोंदीतला १,२१,८७० हा आकडा लिहायचा, आणि गाडी पुढे विकाल तेव्हा तो कागद गाडीबरोबर द्यायचा. एवढंच. पैसे कमी करायलाही तयार होतो.

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाला, "सर, तुम्हाला गाडी विकायची आहे की गाडीची बदनामी करायची आहे?"

फोन ठेवल्यावर बाबांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत, पेपर वाचत राहिले. थोड्या वेळाने उठून एफडीची पावती ठेवलेल्या कपाटातून गाडीची फाइल काढून माझ्यासमोर ठेवली.

तक्रार दाखल केली आहे. वर्कशॉपचा प्रिंटआउट, डिलिव्हरी नोट, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, डोंगलच्या आकड्याचा तारखेसकट व्हिडिओ. बेल्ट आणि क्लच दोन्ही बदलून घेतलं, बिलं जोडली आहेत. ग्लोव्ह बॉक्समध्ये एक वही ठेवली आहे, तिच्या पहिल्या पानावर खऱ्या नोंदी लिहिल्या आहेत. आई म्हणते पायगुण अजूनही चांगलाच आहे, घाटात काही झालं नाही ना.

पुढची तारीख पडली आहे, बेलापूरला, कोकण भवनात. हाफ डे टाकलाय. गाडीनेच जाणार आहे. मीटर सध्या ६३,९०० च्या आसपास आहे.